एअर-कूल्ड ९११ चा एक्झॉस्ट लीक काढताना या चुका टाळा

जुन्या पोर्श ९११ चं इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं आणि गाडीचा हीटरही त्याच हवेवर चालतो. सहा सिलिंडर, दोन्ही बाजूंना तीन-तीन, आणि प्रत्येक बाजूखाली एक हीट एक्स्चेंजर. त्याच्या आतल्या नळ्यांतून धूर जातो, बाहेरच्या कवचातून पंख्याची हवा, आणि गरम झालेली ती हवा केबिनमध्ये येते. त्यामुळे या गाडीत एक्झॉस्ट लीक म्हणजे नुसती आवाजाची कटकट नाही. पुढचा मजकूर १९६४ ते १९८९ च्या टर्बो नसलेल्या गाड्यांसाठी आहे. नंतरच्या ९११ पिढ्यांची, म्हणजे ९६४ आणि ९९३ ची, मांडणी वेगळी आहे.

टिकटिक ऐकली की गॅस्केट मागवणं

थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, हे सिलिंडर हेडजवळच्या गॅस्केटच्या (दोन भागांमधल्या सीलच्या) लीकचं नेहमीचं लक्षण. पण व्हॉल्व्ह क्लिअरन्स बिघडला तरी तसाच आवाज येतो. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हना ०.१० मिमी फट हवी. ती आधी मोजून घ्या, मग एक्झॉस्टकडे वळा.

लीक शोधायची खात्रीची पद्धत इंजिन बंद ठेवूनच आहे. हवा बाहेर फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप सायलेन्सरच्या तोंडाला लावा, भोवतीची फट फडक्याने बुजवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. तपासायचे जोड असे: हेडवरची सहा तोंडं, एक्स्चेंजर आणि सायलेन्सरमधले तीन बोल्टचे फ्लँज (नळीच्या टोकाच्या चपट्या कडा), सायलेन्सरच्या शिवणी, आणि ज्या गाड्यांत इंजिनखालून आडवा पाइप किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथे त्यांचेही फ्लँज. जोडाभोवती काजळीचा पट्टा दिसला तर तिथून धूर येतो आहे हे नक्की. अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून फटफट होत असेल तर एखाद्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असण्याची शक्यता असते. लॅम्बडा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असलेल्या गाडीत हीच हवा सेन्सरला फसवते. मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं त्याला वाटतं आणि यंत्रणा उगाच पेट्रोल वाढवते. त्यामुळे लीक काढण्याआधी मिश्रण जुळवत बसू नका.

हीटरकडे दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. एक्स्चेंजरची आतली नळी गंजून फुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही, कवच ठणठणीत असतं. आतली नळी शाबूत असली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. इंजिनभोवतीच्या पत्र्यांची रबरं फाटलेली असतील तर खालच्या जोडांतून निसटलेला धूर वर चढतो, पंखा तो ओढतो आणि हीटरच्या वाटेने आत ढकलतो.

लीक निघेपर्यंत हीटरचा लिव्हर पूर्ण बंद ठेवा. हीटरच्या झडपा गंजलेल्या असतील तर बंद लिव्हरवरही भरवसा नाही, तेव्हा गाडी चालवूच नका. अमेरिकेतल्या मिशिगन किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाडीचे एक्स्चेंजर बाहेरून चकचकीत दिसले तरी काढून तपासावेत. तीनही तोंडं आणि बाहेर जाण्याची वाट पट्टी-रबर लावून बंद करा, ०.२ ते ०.३ बारपेक्षा जास्त नाही एवढी हवा भरा आणि पाण्यात बुडवा. कवचाच्या आतून बुडबुडे आले तर तो एक्स्चेंजर बाद. कवच कापून आतली नळी वेल्ड करणारे आहेत, पण बाकीची नळीही तितकीच पातळ झालेली असते, त्यामुळे त्या खर्चात पडू नये.

नटावर जोर काढणं

हेडवर एक्झॉस्ट धरणारे एकूण बारा स्टड (डोकं नसलेले आट्यांचे दांडे) असतात, एम८ म्हणजे ८ मिमी व्यासाचे, १.२५ मिमी पिचचे. हेड अॅल्युमिनियमचं, स्टड लोखंडी, आणि बहुतेक गाड्यांत त्यांनी कित्येक वर्षं आच सोसलेली असते. गंजाने मधेच बारीक झालेला स्टड लांब पान्याच्या एका झटक्यात तुटतो.

काम सुरू करायच्या दोन-तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारा. काही नट साधे असतात, तर काही लांबट नळीसारखे, त्यांना आतून ८ मिमीची अॅलन की लागते आणि एक्स्चेंजरमधल्या भोकातून लांब की घालूनच तिथे पोचता येतं. या नटांच्या आत गंज आणि काजळी घट्ट बसलेली असते. टोकदार सुईने ती खरवडून काढा आणि की हातोडीने हलके ठोकत तळापर्यंत बसवा. की अर्धवट बसली की षटकोन गोल होतो, आणि मग तो नट कापण्याखेरीज दुसरी वाट उरत नाही.

तेलाने सुटत नसेल तर आच द्या, तीही नटाला. नट लाल झाला की फुगतो. जरा निवू द्या, आधी किंचित घट्ट दिशेने हलवा, मग सैल करा, अडलं की पुन्हा मागे. नट स्टडसकट बाहेर आला तर वाईट वाटून घेऊ नका, उलट बरंच झालं, नवा स्टड बसवा. पेट्रोलच्या नळ्या वर आहेत आणि आजूबाजूला तेलाचे थर आहेत हे विसरू नका. आधी धुऊन घ्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा. गाडी जॅकवर नको, पक्क्या स्टँडवर हवी. उजव्या बाजूला ऑइलच्या नळ्या अगदी जवळून जातात. त्यांचे गंजलेले जोड पिळले गेले तर एक्झॉस्टपेक्षा मोठं काम निघतं.

तुटलेल्या स्टडमध्ये एक्स्ट्रॅक्टर घालणं

स्टडमध्ये भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा मोह होतोच. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की साधं ड्रिल त्याला लागत नाही. स्टडचं टोक थोडं जरी बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. एम१० चा नट घेतला तर वेल्डिंगला जागा मिळते. बॅटरी आधी सोडा, मोट्रॉनिक (इंधन आणि इग्निशन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर कंट्रोल युनिटचा प्लगही काढा. वेल्डच्या आचेनेच अर्धा गंज सुटतो. सांधा निवत आला की हळूहळू मागेपुढे हलवा.

टोक हेडच्या आत तुटलं असेल तर भोवतीचं अॅल्युमिनियम तापवा. ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड ढिली होते. पण अॅल्युमिनियम लाल न होताच वितळतं, तेव्हा ज्योत एका जागी धरू नका. ड्रिल करावंच लागलं तर हाताने नाही. मधोमध जाईल असा गाइड हवा आणि डाव्या फिरकीचं बिट असेल तर उत्तम, कधीकधी ड्रिल करता करताच तुकडा बाहेर येतो. हेडमधले आटे गेले तर नवे आटे देणारी स्टीलची इन्सर्ट बसवा.

बसवतानाची घाई

जुनी गॅस्केट पुन्हा वापरू नका, ती एकदाच दबण्यासाठी असते. एक्स्चेंजरचे तीन फ्लँज एकाच रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी आडवी ठेवून पाहा. वाकडा फ्लँज नटांनी ओढून बसवला की काही दिवसांत स्टड तुटतो किंवा वेल्डला तडा जातो. थोडाच फरक असेल तर सपाट कानशीने घासून घ्या, जास्त असेल तर मशिनवर द्या.

क्रमही महत्त्वाचा. दोन्ही एक्स्चेंजर, सायलेन्सर आणि त्याचे पट्टे, सगळं आधी हातानेच सैल लावा. मग हेडवरचे नट, मधल्या तोंडापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत. त्यानंतर सायलेन्सरचे फ्लँज आणि शेवटी पट्टे. सायलेन्सर आधी आवळला की त्याचा ताण थेट हेडच्या गॅस्केटवर येतो. आट्यांना निकेल किंवा तांब्याचं अँटी-सीझ (आटे अडकू न देणारं वंगण) लावा आणि मग टॉर्क खालच्या टोकाकडे ठेवा, कारण वंगण असलेला नट त्याच टॉर्कला जास्त ओढतो.

सिलिकॉन सीलंट इथे चालत नाही, हेडच्या तोंडाशी ते जळून जातं. एक्झॉस्ट पेस्ट आणि पट्टी घरी पोचण्यापुरती ठीक.

इंजिन दोन-तीनदा तापून निवल्यावर, पूर्ण थंड असताना नट पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी थोडा धूर आणि वास येईल, तो बोटांचं तेल आणि अँटी-सीझ जळण्याचा. तो दोन फेऱ्यांत थांबला नाही तर व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल रिटर्न ट्यूबखाली हात फिरवा, तिथून तेल एक्स्चेंजरवर ठिबकत असण्याची शक्यता जास्त.