परिसंस्था शिकवायला एक उंबर पुरतो

गवत–टोळ–बेडूक–साप–गरुड ही साखळी फळ्यावर काढली की तास संपतो आणि मुलांच्या डोक्यात "सगळे एकमेकांवर अवलंबून असतात" एवढंच उरतं. वाक्य खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. कोणाचं कोणावाचून अडतं आणि कोण दुसरीकडे सोय बघतं, हे मुलांना सांगता आलं पाहिजे. सहावी ते आठवीच्या वर्गाला हे उंबराखाली पाच तासिकांत शिकवता येतं. त्यांतल्या दोन तासिका जोडून घ्या.

आधी तुम्ही एकटे जाऊन झाड बघून या. खोडावर आणि जाड फांद्यांवर फळांचे घोस हवेत, कोवळे आणि पिकायला आलेले दोन्ही. सगळी फळं एकाच अवस्थेत असतील तर दुसरं झाड शोधा किंवा दोन-तीन आठवडे थांबा. सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे थोडं फिरलं की काम होतं. झाडाखाली दत्ताचा पार असेल तर फळं तोडण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. दोन-अडीच डझन फळांना सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पहिल्या तासिकेला सकाळी लवकर झाडाखाली जा. चाळीस मुलांचे आठ गट करा आणि प्रत्येकाला एकच जागा नेमून द्या: खोड, फळांचे घोस, शेंड्याकडची पानं, खाली पडलेली फळं, मुळांजवळची माती. एकेका जागेवर दोन गट ठेवले तरी चालतं, नोंदी पडताळून पाहता येतात. वीस मिनिटं नुसतं बघायचं. वहीत तीन रकाने: कोण, काय करतंय, किती वेळ. इथे हमखास गडबड होते ती "पक्षी आला" अशा नोंदीची. फळ खातोय, किडे टिपतोय की नुसता बसलाय, हे लिहिल्याशिवाय नोंद मोजायची नाही, असं आधीच बजावा. नाव येत नसेल तर "हिरवा, कपाळ लाल, चिमणीहून थोडा मोठा" एवढं पुरे. तो तांबट निघेल. वटवाघळं दिवसा दिसणार नाहीत, पण चावून टाकलेला चोथा आणि बियांनी भरलेली विष्ठा खाली सापडते. तोही पुरावाच.

दुसरी आणि तिसरी तासिका जोडून, वर्गात. "उंबराचं फूल" दुर्मीळ म्हणतात, कारण ते फळाच्या आत असतं. ते आज मुलांना दाखवायचं. प्रत्येक गटाला तीन फळं द्या: एक बोराएवढं हिरवं, एक पूर्ण वाढलेलं पण अजून घट्ट, एक लाल आणि मऊ. शिवाय पांढरा कागद आणि भिंग. फळं कापायची ती शिक्षकांनीच, देठापासून टोकापर्यंत उभी. पात्याला आधी खोबरेल लावा, नाहीतर चिकाने चौथ्या फळालाच सुरी अडकते. चीक कोणाला खाजतो, त्यामुळे मुलांनी आतला भाग काडीने उकरावा.

कोवळ्या फळात आतल्या भिंतीला बारीक फुलं दाटीने चिकटलेली दिसतील. टोकाच्या छिद्रावरचे खवले भिंगाखाली नीट बघायला लावा. नशीब असेल तर त्यांत पंखांचे तुकडे अडकलेले दिसतात. गांधीलमाशीच्या नात्यातली, दोन-तीन मिलिमीटरची वास्प मादी या फटीतून आत घुसताना पंख गमावते. ती सोबत आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडी नाहीत त्यांत बी धरतं. घट्ट फळात पुढची पिढी सापडेल. बिनपंखी नर माद्यांशी मीलन करून बाहेर जायची वाट कुरतडतात. माद्या पराग घेऊन उडतात आणि दुसरं कोवळं फळ शोधतात. लाल फळात बहुतेक वेळा वास्प निघून गेलेल्या असतात आणि मुंग्या किंवा माश्यांच्या अळ्याच मिळतात. मुलं त्यांनाच वास्प समजतात, म्हणून हे फळ शेवटी उघडा.

तीन-चार घट्ट फळं काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधा. झाकण लावलं तर आत दव धरतं आणि वास्प काचेला चिकटून मरतात. फळं योग्य अवस्थेतली असतील तर एक-दोन दिवसांत वास्प बाहेर आलेल्या दिसतात. दिसल्या की लगेच झाडापाशी नेऊन सोडा, त्यांचं आयुष्यच एक-दोन दिवसांचं.

चौथ्या तासिकेला अन्नजाळं. बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे, म्हणजे उंबर → तांबट. निम्मी मुलं उलटा काढतात, कारण डोक्यात "तांबट उंबर खातो" हे वाक्य असतं. "ऊर्जा कुठे गेली?" एवढंच विचारा. परागीभवन आणि बीप्रसार यांना तुटक रेष द्या, तिथे प्रश्न खाण्याचा नाही. बुरशी आणि वाळवी राहून जातात. पडलेली फळं बघणाऱ्या गटाला उभं करा.

दोऱ्याचा खेळ पाचव्या तासिकेला, त्याआधी नको. पुष्कळ ठिकाणी सुरुवातच त्याने होते, आणि मग मुलं कोणालाही कोणाशीही जोडत सुटतात. बारा मुलं गोल उभी करा, प्रत्येक जण जाळ्यातला एकेक जीव. बाकीची वह्या घेऊन पंच. वीस मीटर सुतळी आणि साध्या दोऱ्याचं एक रीळ घ्या. वहीत नोंद किंवा फळात पुरावा असेल तरच जोडायचं. दुसरी सोय असेल तिथे दोरा, नसेल तिथे सुतळी. तांबटाला पिंपळ, वड आहेत, म्हणून दोरा. उंबर आणि त्याची वास्प यांच्यात दोन्ही बाजूंनी सुतळी.

आता एकेकाला बाहेर काढा. तांबट गेला तर बिया नेण्याचं काम कोकीळ आणि वटवाघूळ थोडंफार उचलतात. वास्प गेली की उंबर झालेला मुलगा लगेच खाली बसतो. त्याला उठवा. झाड पुढे कित्येक वर्षं उभं राहील, पण परागीभवन न झालेली फळं कच्चीच गळतील आणि नवी रोपं येणार नाहीत. परिणाम त्याच दिवशी दिसतो हा गैरसमज इथेच मोडतो.

वेळ उरला तर गिधाडांचं उदाहरण घ्या. 1990 च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी करत होतं. हे कारण 2004 मध्ये प्रसिद्ध झालं आणि 2006 मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलेली जनावरं कुत्रीही खातात, मग गिधाडांची जागा त्यांनी भरली का? यावर दहा मिनिटं वाद होऊ द्या.

चाचणीला एकच प्रश्न: रस्तारुंदीत गावातले सगळे उंबर गेले, शाळेजवळचा एकच राहिला, काय होईल? "सगळं नष्ट होईल" याला अर्धे गुण. पक्षी वड-पिंपळाकडे वळतील पण वास्पला एक-दोन दिवसांत कोवळं फळ मिळणं कठीण होईल, असं लिहिलं तर पूर्ण. आणि कोणी उलट विचारलं, "पुढचा उंबर किती लांब आहे?", तर त्याला एक गुण जास्त द्या, कारण वास्प वाऱ्यावर लांबवर जाऊ शकतात.