डेबियनचे अपडेट: तीन ओळी ठेवा, बाकीच्या काढा

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या डीटीपीवाल्यांची लिनक्स मशिनं मी सांभाळते. एकाच लग्नपत्रिकेत मराठी आणि कन्नड दोन्ही छापणारी ही दुकानं. मे महिन्यात मशीन अडलं तर पत्रिका अडली. म्हणून यांच्याकडे डेबियन स्टेबल (लिनक्सचा डेबियन हा प्रकार, त्याची स्थिर आवृत्ती), आणि अपडेटची भानगड जितकी कमी तितकी बरी.

“अक्का, अपडेट मारलं आणि काहीतरी व्हायलंय बघा,” असा फोन आला की मी आधी रेपोंची, म्हणजे पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) जिथून उतरतात त्या ठिकाणांची, यादी उघडते. कुणाचं तरी बघून चिकटवलेल्या ओळी तिथं हमखास सापडतात. डेबियन १३ (आवृत्तीचं नाव ट्रिक्सी) असेल तर तीनच ठेवा: ट्रिक्सी, ट्रिक्सी-अपडेट्स, ट्रिक्सी-सिक्युरिटी. पहिलीतून मूळ पॅकेजं आणि साधारण दोन महिन्यांनी पॉइंट रिलीजच्या एकगठ्ठा दुरुस्त्या येतात. टाइमझोनच्या माहितीसारखं, तोवर थांबू न शकणारं दुसरीतून. तिसरी सुरक्षेची, तिला हात लावायचा नाही.

प्रपोज्ड-अपडेट्स काढा. ते पुढच्या पॉइंट रिलीजचं प्रूफ आहे, न तपासलेल्या प्रूफवर कुणी हजार प्रती काढतं का? बॅकपोर्ट्स (पुढच्या आवृत्तीतली पॅकेजं या आवृत्तीसाठी बांधलेली) एवढं उपद्रवी नाही, नाव घेऊन मागितल्याशिवाय त्यातलं नवीन काही बसत नाही. तरी गरज नसेल तर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यादीत ‘स्टेबल’ असं लिहू नका, आवृत्तीचं नाव लिहा. ‘स्टेबल’ हे नाव आज एका आवृत्तीकडे बोट दाखवतं, उद्या दुसऱ्या. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी आली, त्या दिवसापासून ‘स्टेबल’ लिहिलेली मशिनं पुढच्या अपडेटला बुकवर्म (डेबियन १२) सोडून थेट नव्या आवृत्तीकडे निघाली. मालकाला वाटतं, नेहमीचंच अपडेट चाललंय. ‘बुकवर्म’ लिहिलेली मशिनं जागची हलली नाहीत.

मग अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप बसवणारं पॅकेज) बसवून चालू करा. डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये पहिली आणि तिसरी ओळ आपोआप घेतली जाते, दुसरी बंद असते. ॲप्ट.कॉन्फ.डी फोल्डरात ५० आकड्यानं सुरू होणारी फाइल उघडा आणि अपडेट्सच्या (प्रपोज्ड-अपडेट्सच्या नव्हे) ओळीच्या सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा पुसा. काम सकाळी सहानंतर होतं. मशीन बंद असेल तर चालू केल्यावर. म्हणजे शटर उघडल्यावर थोडा वेळ मशीन जड वाटणार, वाटू द्या. त्या वेळी भिंतीवरचं बटण दाबून बंद करणाऱ्यांना मात्र माझा हात जोडून नमस्कार. लाइटच गेली आणि काम अर्धवट राहिलं तर रूट (मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

बुकवर्मवाल्यांनी नव्या आवृत्तीसाठी घाई करू नये. एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा सुरक्षा-आधार, जून २०२८ पर्यंत आहे, आणि त्याचे अपडेट त्याच सुरक्षेच्या ओळीतून येतात. गणपतीचे बॅनर संपू द्या. पितृपंधरवड्यात पत्रिका छापायला कुणी येत नाही, तेव्हा बॅकअप घेऊन तिन्ही ओळींतलं नाव बदला.