सीव्हीतील साडेपाच वर्षे आणि आंबा कॅनिंगचे एक पत्र

माझ्या सीव्हीत मे २०१८ ते ऑक्टोबर २०२३ ही साडेपाच वर्षे मोकळी आहेत. मुलगी झाली, दिवसा तिला सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) केमिस्टची नोकरी मी सोडली. हकिगत एवढीच आहे आणि ती दोन ओळींत मावते. परंतु त्या दोन ओळी सरळ लिहायला मला एक फसलेली मुलाखत आणि त्यानंतरचे जवळजवळ एक वर्ष लागले. सीव्हीत शिक्षण कुठे आणि अनुभव कुठे लिहावा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी जिथे पडले, तेवढ्याबद्दलच लिहिते.

२०२२ च्या अखेरीस चिपळुणातील ओळखीच्या एका गृहस्थांनी माझा सीव्ही ‘दुरुस्त’ करून दिला. जुनी नोकरी आठ महिने ओढून डिसेंबर २०१८ पर्यंत न्यायची आणि पुढच्या वर्षांसाठी एखाद्या नातेवाइकाच्या धंद्यातले अनुभवपत्र जोडायचे, असा त्यांचा तोडगा होता. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होत नाही, त्यामुळे कोणी खोलात जाणार नाही, हेही त्यांनी छातीठोकपणे सांगितले. माझ्या चुलत दिरांचे गुहागरकडे आंबा कॅनिंग आहे. त्यांनी मी ‘क्वालिटी इन्चार्ज’ असल्याचे पत्र लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह त्याच दिवशी दिले, वर फणसपोळीचे पुडकेही दिले. (स्वतः दहा वर्षांत एकही मुलाखत न दिलेल्या माणसाचा मुलाखतीबाबतचा सल्ला घेऊ नये, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.)

मुलाखत घेणारे साहेब कोकणातलेच निघाले. पत्र वाचून त्यांनी शांतपणे विचारले, “मॅडम, कॅनिंग एप्रिल ते जून. उरलेले नऊ महिने तुम्ही कशाची क्वालिटी बघत होतात?” मी काहीतरी लोणच्या-सरबताचे बोलले. मग त्यांनी पगार ज्या बँक खात्यात जमा होत असे त्याचे उतारे मागितले आणि यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा खाते क्रमांक, विचारला. तिथे सगळे संपले.

हा यूएएनचा भाग नीट समजून घ्या, कारण नव्या उमेदवारांना वाटते की तो केवळ पैसे काढण्यासाठीचा क्रमांक आहे. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) सदस्य पोर्टलवर लॉगिन केल्यावर ‘सर्व्हिस हिस्टरी’ दिसते; प्रत्येक आस्थापनेत तुम्ही कधी रुजू झालात आणि कधी बाहेर पडलात, याच्या तारखा तिथे असतात. मुलाखतीत किंवा पडताळणीच्या वेळी तेच पान उघडायला सांगतात. माझ्या पानावर ३० एप्रिल २०१८ होते आणि सीव्हीवर डिसेंबर. पीएफ नसलेल्या धंद्याचे पत्र कदाचित तगले असते, पण ओढलेली तारीख तगत नाही. आणि एक तारीख खोटी ठरली की उरलेल्या खऱ्या तारखाही कोणी मानत नाही. म्हणून सीव्हीला हात लावण्याआधी ते पान उघडून तारखा उतरवून घ्या. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती सदस्याला स्वतः नोंदवता येते; ही सोय २०२० पासून आहे. जुलै २०२१ च्या पुरात माझ्या रिलीव्हिंग लेटरचा चिखल झाला होता. चिपळुणात असे माझ्यासारखे अनेकजण आहेत आणि आमच्यासाठी त्या पानाची छापील प्रत हाच हाताशी असलेला पुरावा आहे.

मला अधिक लागले ते वेगळेच. लॅबमध्ये चुकीच्या नोंदीवर व्हाइटनर लावत नाहीत. एक सरळ रेघ मारून, खालचा आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही आणि तारीख घालतात. हे मी ट्रेनी मुलांना शिकवलेले आहे. जी बाई सीव्हीवर व्हाइटनर लावते तिच्या हाती लॉगबुक कोण देईल?

नंतर मी लिहिले ते असे : ‘मे २०१८ ते आजपर्यंत : अपत्यसंगोपनासाठी नोकरीतून विराम. या काळात आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ चे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण.’ (हे चाचणी प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक.) ही नोंद कालक्रमात, जिथली तिथे ठेवली. ज्याचा कागद दाखवता येतो तेवढेच विरामाच्या ओळीत घाला. ‘गृहव्यवस्थापन’, ‘वेळेचे नियोजन’ असली भरताड कृपया नको. वाचणाऱ्यालाही घर असते. लिंक्डइनवर २०२२ पासून विरामाची वेगळी नोंद करता येते, मात्र तिथल्या तारखाही याच हव्यात. आणखी एक : प्रसूतीची रजा ही नोकरीच असते. २०१७ च्या सुधारणेनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. मी घरी बसले ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस, पण माझा विराम सुरू होतो मे २०१८ पासून. कितीतरी जणी हे सहा महिने उगाच सोडून देतात.

मुलाकडे कोण पाहणार, हा प्रश्न येईलच. तो बापाला विचारत नाहीत आणि ते मला आजही खटकते. तरीही उत्तर एका वाक्यात, तक्रार न करता तयार ठेवा. माझे उत्तर होते, “शाळा पाचपर्यंत, नंतर सासूबाई, जनरल शिफ्टला अडचण नाही.” पुढचा प्रश्न आला नाही.

घाबरू नका, हेही तितक्याच मनापासून सांगते. सांडपाणी तपासणाऱ्या ज्या लॅबने मला घेतले, तिथल्या मॅडमनी त्या दोन ओळींवर जेमतेम अर्धे मिनिट घालवले आणि पुढचा अर्धा तास बीओडीवर, म्हणजे सांडपाण्यातली घाण कुजताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात, त्या चाचणीवर. नमुना पाच दिवस २० अंशांना ठेवायचा की तीन दिवस २७ अंशांना, हे विचारले. आपल्याकडची तीन दिवसांची पद्धत मला आठवत होती, सीओडीच्या (हीच ऑक्सिजनची गरज रसायनाने मोजण्याच्या चाचणीच्या) गणितात मात्र अडखळले. पगार जुन्या पगाराहून थोडा कमी ठरला.

रुजू झाले त्या दिवशी पीएफचा फॉर्म ११ पुढे आला. त्यात आधीची नोकरी सोडल्याच्या तारखेचा रकाना असतो. मी ३० एप्रिल २०१८ लिहिले, सही केली आणि ॲप्रन घ्यायला स्टोअरमध्ये गेले.