दोर उजवा की डावा? वर्गात दाखवण्याआधीची तयारी

हा तास रेणूंच्या उजव्या-डाव्या ‘हाता’चा: काही रेणू आपल्या दोन हातांसारखे, एकमेकांच्या आरशातल्या रूपासारखे असतात. तारीख संक्रांतीनंतरची धरा. त्याआधी वेचणीमुळे निम्मी पोरं वावरात असतात. मग अंबाडीचा वाख आणि दोर वळणारे एक आजोबा शोधा. आरसा, पुदिना, बाळंतशेपा, साखर ही सगळी गावातच मिळतात, आजोबा मात्र आता सापडायला वेळ लागतो.

त्यांच्याकडून दोन दोर वळून घ्या, एक नेहमीचा आणि एक उलट पिळाचा. दुसऱ्याला ते कुरकुरतील, हात वळत नाही म्हणतील. ती कुरकुर मुलांनी ऐकायलाच हवी. उभ्या दोरावरची तिरपी रेघ उजवीकडे चढते की डावीकडे, ते पाहून ठेवा. दोर उलटा टांगला तरी रेघ बदलत नाही, आरशात मात्र बदलते. मी पहिल्यांदा इथेच फसलो होतो. पेड एका बाजूला आणि दोर उलट बाजूला पिळलेला असतो, तेही उकलून दाखवा. आपल्या कातडीतल्या-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनातही हेच आहे: साखळ्या डाव्या, तिघींचा मिळून गोफ उजवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायची तयारी ठेवा. दोर आपण वळतो, रेणूंना वळणारं कोणी नसतं. हायड्रोजन बंधासारख्या कमकुवत ओढीने ते आपणच एकावर एक रचले जातात, आणि एकेका रेणूचा हात, म्हणजे उजवे-डावेपण, अख्ख्या धाग्याच्या पिळात उतरतो. बिनहाताच्या, म्हणजे उजवं-डावं रूप नसलेल्या रेणूंचे उजवे-डावे पीळ सारखेच होतात. त्यात थोडे एका हाताचे मिसळले, की बाकीचे त्यांच्यामागे जातात. 1989 साली रसायनशास्त्रज्ञ मार्क ग्रीन यांनी पॉलिआयसोसायनेट या कृत्रिम पॉलिमरच्या साखळ्यांत हे दाखवलं आणि नाव दिलं ‘सार्जंट आणि शिपाई’. यासाठी आजोबांनी वीतभर वळून दिलेली टोकं मुलांच्या हाती द्या. पुढचा पीळ ती त्याच बाजूने देतात.

वासासाठी पुदिना आणि बाळंतशेपा पुरे. दोन्हींत वासाचा रेणू कार्व्होनच, फक्त एकात उजवा आणि दुसऱ्यात डावा, आरशातल्या जोडीसारखा, म्हणून वास वेगळे.

लुई पाश्चरने 1848 मध्ये चिमट्याने टार्टरेट नावाच्या क्षाराचे उजवे-डावे स्फटिक वेगळे केले, ते फक्त सांगा, करू नका. ते स्फटिक सुमारे 27 अंशांखालीच वेगवेगळे पडतात. आपल्या मे महिन्यात त्याच्या हाती काही लागलं नसतं बाप्पा!

शेवटी पाक, कारण एकाच हाताची साखर तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवते. दाट, पण गाळून नितळ केलेला. उंच काचेचा ग्लास एलसीडी टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून पोलराइज्ड (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा) गॉगल वरून फिरवला, की रंग बदलतात. टॅब आदल्या रात्रीच चार्ज करा. दुपारी लाईन राहील याचा भरवसा नाही.