पीएचडी आणि प्रश्न क्रमांक 14

प्रबंध जमा करून चार महिने झाले, व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख अजून लागायची आहे. नोंदणीपासूनचं हे सातवं वर्ष. मधल्या काळात आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा, तळोदा, धडगावकडच्या कितीतरी मुलामुलींनी फोन करून विचारलं, "ताई, शिक्षणशास्त्रात सामाजिक न्याय आणि शांतता हा विषय घेऊ का?" प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढते.

घ्या. आपल्याकडे हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळी झाली की घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. पोरंही बरोबर जातात आणि हजेरीपटावर नुसती नावं उरतात. नर्मदाकाठच्या धरणात बुडालेल्या गावांमध्ये नर्मदा बचाओ आंदोलनाने तिथल्या मुलांसाठी जीवनशाळा काढल्या, 'लढाई, पढाई साथ साथ' म्हणत. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते आणि 1947 साली पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मात्र बाहेरच्या नावांनी भरलेलं होतं. ही माणसं त्यात फार उशिरा आली, याचं अजून वाईट वाटतं.

प्रवेशाचं थोडक्यात. जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा वेगळा गट असतो. ती पात्रता वर्षभरच चालते. तेवढ्यात जागा आणि गाईड मिळाला नाही तर पुन्हा परीक्षा. त्यामुळे निकालाआधीच गाईडशी बोलून ठेवा. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चारच विद्यार्थी घेता येतात. सगळे आठवाल्याच्या दारात रांग लावतात. माझं मत विचाराल तर चारवाला घ्या. नाव मोठं नसलं तरी चालेल, पण तुमचं पान न् पान वाचणारा हवा.

आता ज्यात मी दीड वर्ष घालवलं ते.

माझा पहिला विषय होता आश्रमशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या शांतता मूल्यांचा अभ्यास. प्रश्नावली मी घरात बसून तयार केली. चाळीस विधानं आणि पुढे तीन पर्याय, नेहमी, कधी कधी, कधीच नाही. चौदावं विधान होतं, 'आमच्या वर्गात शांतता असते.' तज्ज्ञांनी तपासलं, थोड्या मुलांवर पायलट चाचणी झाली, अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, एकाच्या जवळ तितका चांगला) 0.84 आला. मी पेढे वाटले. मग दोनशेवर मुलांकडून भरून घेतलं, तर चौदाव्याला जवळपास सगळ्यांनी 'नेहमी'वर खूण केलेली.

गाईडने तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "इतकी शांतता असलेल्या शाळेतून मुलं पळून का जातात?"

मला राग आला होता. तरी परत गेले. म्हसावद सोडलं की एसटी घाटाला लागते, त्या सगळ्या रस्त्यात मी मनात उत्तरं जुळवत होते. सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "शांतता म्हणजे काय गं?" तिने हाताची घडी घातली, ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहत तशीच बसून राहिली. मी काही बोलेना, तेव्हा हळूच म्हणाली, "बोललं की उभं करतात."

पुन्हा सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी शाळेतल्या मुलासाठी शांतता म्हणजे गप्प बसणं. 'शांत बसा' हे तो पहिलीपासून ऐकतो. मी शांती मोजायला गेले आणि भीती मोजून आणली. अल्फा चांगला आला, कारण घाबरलेली मुलं सगळीकडे सारखंच उत्तर देतात. ती झाली विश्वसनीयता. आपण जे मोजतोय म्हणतो तेच मोजतोय का, ही सप्रमाणता वेगळी, आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरमधून बाहेर पडत नाही. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंगने 1969 मध्येच मांडलं आहे की मारामारी नसणं म्हणजे पूर्ण शांतता नव्हे, रचनेतला अन्याय हीसुद्धा हिंसाच. हे मी दुसऱ्या प्रकरणात चांगलं चार पानं लिहिलं होतं. माझ्याच प्रश्नावलीत ते मला दिसलं नाही.

दुसरी चूक त्यातच दडलेली. माझी घरची बोली अहिराणी, म्हणून ही आपलीच पोरं, आपल्याला कळतात, असं मी धरून चालले. पण डोंगरातली ही मुलं पावरी ही आदिवासी बोली बोलतात. वर्गात मराठी, व्हरांड्यात पावरी, आणि मी दिसले की तीही बंद. पुढे गावातल्या अंगणवाडीताईंना सोबत घेतलं, शब्द बदलले. 'भांडण झालं तर कुणाला सांगता? तो ऐकतो का?' असं पावरीतून विचारलं, तेव्हा मुलं बोलायला लागली. गावात पंच बसतात, दोन्ही बाजू ऐकून घेतात, शाळेत आमचं कुणी ऐकत नाही, हे एका मुलाने सांगितलं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे.

मग नवा आराखडा, शीर्षक बदलायला पुन्हा समितीपुढे, पुन्हा शुल्क. माय दर सणाला विचारायची, "कव्हय सरी तुन्हं?" म्हणजे, कधी संपेल तुझं? उत्तर नसायचं. तासिका तत्त्वावरच्या नोकरीत उन्हाळ्याचे पैसे मिळत नाहीत, त्यात मुलगा लहान. रात्री रडलेही आहे. पण खरं सांगते, त्या दीड वर्षानंतरच मला वाचायला यायला लागलं. तुमचा पहिला डेटा वाया गेला तर घाबरून सोडून देऊ नका. बाईला मुदतीत दोन वर्षं जास्त मिळतात, ती मागून घ्या. त्यात कमीपणा नाही.

मात्र पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांच्या दारी जाऊ नका. मलाही एकाने दर सांगितला होता. न्यायावर लिहायचं आणि ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांचे शब्द दुसऱ्याकडून शिवून घ्यायचे, हे मला माफ करता येत नाही. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या जर्नलांचंही तेच.

शीर्षक नक्की करायच्या आधी निदान महिनाभर शाळेत जाऊन बसा, प्रश्नावली न घेता. आश्रमशाळेत जायचं तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी आधी काढा, मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर राहू नका. पालकांना भेटायचं असेल तर होळी गाठा. ऊसतोडीला गेलेलं माणूस होळीला घरी येतंच. दिवाळीनंतर गेलात तर कुलपं दिसतील.

जुनी प्रश्नावली मी परिशिष्टात तशीच जोडली आहे, चौदाव्या विधानासह. काढून टाका, परीक्षक अडवतील, असं दोघांनी सांगितलं. ठेवली. व्हायवाला विचारलं, तर त्या मुलीचं बोट आधी सांगणार आहे.