दुसऱ्या घराचं वेगळं मीटर: वायरमन यायच्या आधी

आवारातल्या दुसऱ्या घराला स्वतंत्र मीटर घ्यायचं ठरलं की आपण आधी केबलचे भाव विचारत सुटतो. त्याआधी तिथे काय काय चालणार ते कागदावर उतरवा. 230 व्होल्टवर 2000 वॉटचा गीझर एकटाच जवळपास 9 अँपिअर ओढतो. एसी, पंप, इंडक्शन वेगळे. मंजूर भार, मेन स्विच आणि केबलची जाडी या बेरजेवरच ठरते. मीटरपासून घर लांब असेल तर वायरमनकडून व्होल्टेज किती पडेल तेही काढून घ्या.

आता अर्थिंग, कारण खरा घोळ इथेच होतो. ‘रॉड ठोकला की झालं’ हे कितीदा ऐकलंय! हिशेब करून बघा. रॉडचा रोध 10 ओहम आला आणि फेज गीझरच्या पत्र्याला लागला, तर जमिनीतून जेमतेम 23 अँपिअर वाहतील. 32 अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) त्याला ढिम्म हलणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडा प्रवाह जमिनीत गळला तरी वीज तोडणारा स्विच) यादीत हवाच, आणि अर्थचा रोध मोजून कागदावर लिहून घ्यायचा. न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे की नाही, जोडायचे तर कुठे, हे पुरवठ्याच्या पद्धतीवर ठरतं. वीज कंपनीला विचारा, मनाने जोडू नका. मेन स्विचच्या पुढे घरात मात्र हे दोन कुठेच एकमेकांना लागता कामा नयेत. डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचच्या पेटीत, दोघांच्या पट्ट्या वेगळ्या.

दोन घरांचे न्यूट्रलही मिसळू नयेत. सामायिक जिन्याचा दिवा फेज इकडून आणि न्यूट्रल तिकडून घेतो, मग दिवा लावला की आरसीसीबी पडतो आणि सगळे आरसीसीबीलाच शिव्या घालतात. असे दिवे आणि पंप कुणाच्या मीटरवर, ते आधीच ठरवा.

केबलचा चर बुजवण्याआधी मोजायचा टेप धरून फोटो काढा. पुरवठा जोडण्याआधी परवानाधारक वायरमनकडून मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावून घ्या: 500 व्होल्टला किमान 1 मेगाओहम, तेही उपकरणं काढून ठेवून. वीज आली की आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबून बघा.

आणि दोन्ही मेन स्विचवर कुठला कुठल्या घराचा ते रंगाने लिहा. स्टिकर उन्हाने गळून पडतो.