अविवेकी समजुतींची उलटतपासणी कशी करावी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती असे मानते की, आपली अस्वस्थता केवळ घटनेतून नव्हे, तर मुख्यतः तिच्याविषयीच्या आपल्या समजुतीतून येते.

समुपदेशकाकडे जाताना ‘फार ताण येतो’ अशी मोघम तक्रार न नेता एखादा ताजा प्रसंग न्यावा. समजा, साहेबांनी बैठकीत सर्वांसमोर चूक काढली आणि रात्रभर झोप लागली नाही. या दोहोंच्या मध्ये दडलेले वाक्य आधी शोधावे. ते बहुधा ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये, झाली तर मी कुचकामी’ असे निघते; हीच अविवेकी समजूत.

खरी मेहनत पुढे आहे. चूक होऊच नये असा नियम कुठे आहे, एका चुकीवरून संपूर्ण माणूस कुचकामी कसा ठरतो, आणि असे मानल्याने पुढचे काम सुधारते का, हे प्रश्न समुपदेशक पुन्हापुन्हा विचारतात आणि उत्तर आपल्यालाच शोधावे लागते. त्यातून ‘चूक टळली असती तर बरे, झाली हे वाईट, पण असह्य नाही’ असे वाक्य तयार होते. ही मनाची खोटी समजूत नव्हे. वाईट वाटणे उरतेच, फक्त स्वतःचा धिक्कार थांबतो.

हे वाक्य नुसते पाठ करून भागत नाही, म्हणून पुढच्या बैठकीत मुद्दाम एखादी शंका विचारण्यासारखा गृहपाठ करावा. मात्र जगणे नकोसे वाटत असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना त्वरित भेटावे किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.